भ्रमाचा भोपळा

सुट्टीत सगळे जमले की टेबलाच्या मधोमध काय ठेवायचं, हा प्रश्न आमच्या घरी कधी पडलाच नव्हता. अख्खी भाजलेली कोंबडी. ती ओव्हनमधून निघाली की हाक न मारता पोरं गोळा होतात, दादा सुरीला धार लावायला घेतो, आणि तंगडी कुणाची यावरून जे वाजतं ते पुढच्या सुट्टीपर्यंत पुरतं. बाकीचे पदार्थ लांबच्या नातेवाइकांसारखे कडेकडेने बसलेले असतात. आलात, बरं वाटलं, एवढंच.

चार वर्षांपूर्वी पुतणी शाकाहारी झाली. ही बातमी तिने पानावर बसल्यावर दिली, म्हणजे तयारीला मला मिळाला तो वेळ पाण्याचा ग्लास भरण्याइतका. "अगं, मग काय झालं? भाज्या आहेत की चार!" मी उदार मनाने म्हणालो. चार म्हणजे काकडी, टोमॅटो, मटार आणि बटाटे. तिने पाव आणि बटाट्यांवर जेवण काढलं आणि बटाट्यांचं मात्र तोंडभरून कौतुक केलं. ते बटाटे कोंबडीच्या ट्रेमध्ये, तिच्या सुटलेल्या चरबीत भाजले होते, हे रात्री भांडी आवरताना हिने मला सांगितलं. आम्ही दोघांनी ते पोटात ठेवलं. तुम्हीही ठेवा.

दुसऱ्या वर्षी मी तिच्यासाठी 'वेगळं' केलं. हा शब्द फार घातक. छोट्या वाडग्यात पास्ता, त्यावर फॉइल, फॉइलवर मार्करने तिचं नाव. टेबलावर तो वाडगा असा दिसत होता, की आत्या येताजाता तिच्या कपाळाला हात लावून ताप बघत होती. जेवण झाल्यावर पोरगी म्हणाली, "काका, पोट भरलं रे. पण आज मला कुणी 'अजून घे' म्हणालं नाही." म्हणणार कसं? वाडग्यात अजून होतं काय?

हे मात्र मला लागलं. रात्रभर विचार केला, की मुख्य पदार्थ मुख्य कशाने होतो? मांसाने नाही. तो मोठा असतो, एकच असतो, सगळ्यांच्या देखत येतो, सगळ्यांच्या देखत कापला जातो आणि सगळ्यांना पुरून थोडा उरतो. पास्त्याच्या वाडग्यात यातलं काहीही नव्हतं. उरणं तर सोडाच.

माझा स्वभाव असा, की काम करण्याआधी त्यावर भरपूर वाचायचं, म्हणजे काम लांबतं. त्यात कळलं, की इंग्लंडात 1847 साली व्हेजिटेरियन सोसायटी निघाली आणि हा शब्द रुळला. त्याआधी युरोपात असं जेवणाऱ्यांना पायथागोरसपंथी म्हणत. म्हणजे ज्या माणसाने काटकोन त्रिकोण घेऊन शाळेत छळलं, तोच आता माझ्या स्वयंपाकघरात उभा होता.

तिसऱ्या वर्षी मसुराचा लोफ केला. मसूर, कांदा, ब्रेडचा चुरा, सगळं मळून साच्यात दाबून भाजलं. चव खरंच वाईट नव्हती. पण तो साच्यातून निघाला तो थेट वीट होऊन. तोच रंग, तोच आकार, कोपरेसुद्धा काटकोनात. पायथागोरस खूश झाला असता. मेहुण्यांचं आयुष्य बांधकामात गेलेलं. त्यांनी सुरीच्या मुठीने त्यावर टकटक केलं आणि म्हणाले, "भाजणी छान झालीये." त्यानंतर मी काहीही सांगितलं तरी उपयोग नव्हता. मांसाचं सोंग घेतलेला पदार्थ टेबलावर आला की लोक चव घेत नाहीत, उलटतपासणी घेतात.

म्हणून यंदा ठरवलं, की सोंग नको. भाजीच हवी, पण अशी की ओव्हनमधून निघाल्यावर पोरांनी गोळा व्हावं. मी भोपळा आणला. अडीच किलोचा, गोल, खाली सपाट बसणारा, देठ शाबूत. घरी आणल्यापासून त्याला ओट्यावर असा ठेवला होता की मीच येताजाता बघत होतो.

सारणात मशरूम घ्यायचे होते. मशरूम हे मूळचं पाणी आहे. वजनात नव्वद टक्क्यांच्या वर. ही माहिती मला होती, पण माहिती असणं आणि कढईसमोर उभं असणं यात फरक आहे. मी अर्धा किलो चिरून एकदम टाकले. दोन मिनिटांत त्यांचं तळं झालं आणि त्यात ते करडे तुकडे निवांत डुंबायला लागले. पाणी उकळतं शंभर अंशांना आणि पदार्थाला खरपूस रंग चढायला लागतो एकशेचाळीसच्या आसपास. म्हणजे पाणी आहे तोवर तुम्ही कितीही ढवळा, मशरूम शंभराच्या पुढे जात नाहीत; सरकारी फाइलीसारखे तिथेच बसतात. दुसरा घाणा मी पसरट तव्यात, एकमेकांना चिकटणार नाहीत असा टाकला, मोठ्या आचेवर, आणि ढवळायचा मोह आवरून हात पाठीमागे बांधले. आधी चुर्र, मग जरा शांतता, आणि मग तो वास. बाहेरच्या खोलीतून दादाने विचारलं, "मटण आहे का रे?" आयुष्यात स्वयंपाकाबद्दल मला मिळालेली ही सर्वांत मोठी पदवी.

त्यात शिजवलेला भात, मसूर, अक्रोड, परतलेला कांदा घातला. राहिलं चीज. चांगलं महागातलं पार्मेसान आणलं होतं, किसणीवर धरलं आणि ही म्हणाली, "त्यात रेनेट असतं ना?" रेनेट म्हणजे चीज करताना दूध घट्ट करायला वापरतात ते, आणि अस्सल पार्मेसानमधलं वासराच्या जठरातून येतं. म्हणजे दुसऱ्या वर्षी पोरीच्या पास्त्यावर मी प्रेमाने हिमवर्षाव केला होता तो असा. मग पाकिटावर हिरवा ठिपका बघून दुसरं चीज आणलं. सॉसच्या बाटल्याही वाचल्या. वुस्टरशायर सॉसमध्ये मासे निघाले. शेवटी मी मिठाचं पाकीटसुद्धा वाचून काढलं.

आता भोपळा कापणं. 'विळ्याभोपळ्याचं सख्य' आपण शाळेत वाक्यात उपयोग करण्यापुरतं शिकतो. सुरी निम्मी आत गेली आणि तिथेच राहिली. पुढेही जाईना, मागेही येईना. सुरी वर उचलली तर भोपळा तिच्याबरोबर वर आला. शेवटी मी आणि ही, एकाने भोपळा धरून, दुसऱ्याने सुरी धरून, लग्नानंतर पहिल्यांदाच विरुद्ध दिशांना संगनमताने जोर लावला. एक गोष्ट मात्र आधी वाचून ठेवल्याचा फायदा झाला: झाकण सरळ कापायचं नाही, सुरी आतल्या बाजूला तिरकी धरायची. नाहीतर भाजल्यावर भोपळा मऊ पडतो आणि झाकण देठासकट सारणात जाऊन बसतं.

आतून मीठ-मिरी चोळली, सारण भरलं, झाकण लावलं, बाहेरून तेलाचा हात फिरवला आणि एकशेऐंशीवर पावणेदोन तास. कोंबडी आधी भाजून बाजूला झाली होती. बटाट्यांचं काम दादाकडे होतं. मी त्याच्या हातात वेगळा ट्रे आणि तेलाची बाटली दिली आणि म्हणालो, "यातच कर." का, ते सांगितलं नाही. पहिल्या वर्षीची गोष्ट पोटात होती ना.

भोपळा निघाला तेव्हा मीच दोन पावलं मागे सरकलो. कातडी तांबूस, तुकतुकीत, जागोजागी करपल्याचे नेमके डाग, वर देठाचा तुरा. लाकडी पाटावर ठेवला, भोवती हिरवा पाला लावला आणि टेबलाच्या मधोमध नेऊन ठेवला. कोंबडी यंदा कडेला. सगळे "अहाहा" म्हणाले. फोटो निघाले. मी कृतार्थ होऊन पाणी आणायला आत गेलो, आणि मग कुणाचा तरी फोन आला, मग चमचे कमी पडले.

परत आलो तेव्हा जेवणं अर्ध्यावर आली होती. कोंबडीचा सांगाडा झाला होता. भोपळा जसाच्या तसा. त्याला टेकवून आत्याने चष्मा ठेवला होता.

"अरे, हा कुणी कापला का नाही?"

"कापायचा होता?" वहिनी म्हणाली. "मला वाटलं, सजावट आहे."

"मी तर मघाशी कुणाला तरी म्हटलं, मेणाचा किती हुबेहूब मिळतो आजकाल," मेहुणे म्हणाले.

चार वर्षांचा भ्रमाचा भोपळा, तो पाटावर सुखरूप आणि मी मात्र फुटलेलो. चष्मा उचलला, झाकण काढलं. वाफ आली, वास आला, आणि मग मात्र सगळे पुढे सरसावले. फोडी केल्या, दादाने दोन घेतल्या, मेहुण्यांनी टकटक न करता घेतली. मी सगळ्यांत मोठी फोड पुतणीच्या ताटात वाढली आणि चार वर्षं घशात अडकलेलं वाक्य म्हणालो, "अजून घे."

"काका, कमाल झालाय हा. पण अर्धीच दे रे, पोट टम्म आहे. तू येईपर्यंत मी बटाटेच खात बसले. काय झालेत आज! अगदी त्या पहिल्या वर्षीसारखे."

मी दादाकडे पाहिलं. दादा बोटं चाटत होता, चेहऱ्यावर कर्तबगार माणसाचं समाधान. मी स्वयंपाकघरात डोकावलो. ओट्यावर वेगळा ट्रे कोरडाठाक पडला होता, आणि त्यात तेलाची बाटली, सील न फोडलेली.