सप्तरंगी गठ्ठा

निवडणूक आली की तुमच्यासारख्या जाणकारांची झोप उडते. मराठ्यांची मतं कुठे, ओबीसींची कुठे, लाडक्या बहिणींची कुठे, हे सगळं टपरीवर दोन कटिंगमध्ये वाटून झालेलं असतं. उरतात गे आणि लेस्बियन. घाबरू नका, हे सगळ्यात सोपं काम. मतदारयादीत तृतीयपंथीयांची वेगळी नोंद तरी असते, समलिंगी माणसाची कुठेच नसते. मोजणारा कोणी नाही, म्हणजे तुम्हाला खोटं पाडणाराही कोणी नाही.

तुमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर त्या दोघी राहतात ना, 'मैत्रिणी'? (आपण अजून मैत्रिणीच म्हणायचं. पुरोगामी फक्त मतांपुरतं व्हायचं.) बेल दाबण्याआधीच चेहरा हळवा करून ठेवा. दार उघडलं की म्हणा, "ताई, आमचा पक्ष प्रेमाच्या बाजूने आहे." त्यातली एक विचारेल, "ते ठीक आहे हो, पण टँकर कधी बंद होणार?" गोड हसा आणि विषय प्रेमावर आणा. समलिंगी माणसाला पाणी लागत नाही. मालमत्ता कर, खड्डे, आईच्या डायलिसिसचं बिल, हे सगळं बाकीच्यांना असतं. यांना फक्त ओळख असते.

लातूरकडचा माझा एक मित्र आहे, गे आहे आणि सोयाबीन लावतो. 2024 साली हमीभाव होता क्विंटलला 4,892 रुपये, आणि अडत्याने त्याच्या हातावर टेकवले बरेच कमी. नोव्हेंबरात बूथच्या रांगेत डोक्यात तोच आकडा होता, असं तो सांगतो. तुम्ही विश्वास ठेवू नका. गे माणूस सोयाबीन लावतो इथपासूनच संशय घ्या.

क्वचित एखादा आगाऊ भेटेल. म्हणेल, "बरं, ओळखीवरच देतो मत. कुणाला देऊ?" इथे मात्र जपून. डिसेंबर 2015 मध्ये शशी थरूर समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 बदलायला खासगी विधेयक (म्हणजे सरकारचं नव्हे, खासदाराचं स्वतःचं) घेऊन लोकसभेत उभे राहिले. ते नुसतं मांडू द्यावं का, यावरच मतदान झालं: बाजूने 24, विरोधात 71. सभागृहात निवडून येतात 543 जण. बाकीचे बहुधा कँटीनमध्ये प्रेमाच्या बाजूने बसले होते. 2018 मध्ये समलिंगी संबंध गुन्ह्यातून सुटले ते सुप्रीम कोर्टामुळे. केंद्र सरकारने निर्णय कोर्टाच्या शहाणपणावर सोडून अंग काढून घेतलं होतं. 2022 मध्ये सुप्रिया सुळेंनी समलिंगी लग्नाचं खासगी विधेयक मांडलं, ते तसंच राहिलं. 2023 मध्ये केंद्राने कोर्टात लग्नाला विरोध केला, कोर्टाने संसदेकडे बोट दाखवलं. आणि 2024 मध्ये त्याच केंद्राने राज्यांना कळवलं की अशा जोडप्यांना रेशन कार्डासाठी एकाच घरातलं धरा. लग्न नाही, पण गहू एकत्र. यातून आगाऊ माणसाला पक्ष शोधून द्यायचा तर तुम्हालाच रजा काढावी लागेल. त्यापेक्षा त्याला सप्तरंगी बिल्ला द्या.

तिसऱ्या मजल्यावरच्या दोघींचं सांगायचं राहिलं. गेल्या तीन निवडणुका एक या पक्षाला देते, दुसरी त्या. एकमेकींचं मत खोडून शाई लावलेल्या बोटांनी एकाच प्लेटीतली मिसळ खातात. कशावरून भांडण, तर मेट्रोवरून. हे तुमच्या गठ्ठ्यात बसत नाही, तेव्हा ऐकलंच नाही असं करा. यादीत दोघींच्या नावापुढे 'हक्काचं' लिहा आणि जिना उतरा. वरून हाक येईल, "अहो, टँकरचं काय झालं?" लिफ्ट आली असेल तर लिफ्टने जा.