ताण मोजावा, पण बेताने

कर्मचाऱ्यांच्या आरोग्याच्या सवयी, ताण आणि बदलाची तयारी मोजण्याचं काम तुमच्या गळ्यात पडलं असेल, तर घाबरू नका. या कामात धोका एकच आहे: चुकून खरोखर काहीतरी मोजलं जाणं. तसं झालं की त्यावर उपाय करावा लागतो, आणि तो कुणी करायचा हा प्रश्न तुमच्याच टेबलावर येऊन बसतो. थोडी काळजी घेतली तर हे सहज टळतं.

प्रश्नावली नावाजलेलीच घ्या. मानसशास्त्रज्ञ शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मांडलेली 'जाणवणाऱ्या ताणाची मोजपट्टी' उत्तम. तिचं दहा प्रश्नांचं रूप सर्रास वापरलं जातं. प्रत्येक उत्तराला ० ते ४ गुण, एकूण ० ते ४०. यातले चार प्रश्न चांगल्या बाजूने विचारलेले आहेत, म्हणजे 'गोष्टी मनासारख्या घडताहेत असं किती वेळा वाटलं?' या धर्तीचे. बेरजेपूर्वी त्यांचे गुण उलटे करायचे असतात: ० चे ४, ४ चा ०. हे तुम्ही विसरा. मग पूर्ण निवांत माणसाला शून्याऐवजी १६ गुण पडतील आणि पार पिचलेल्याला चाळीसऐवजी २४. अख्खं ऑफिस या आठ गुणांच्या पट्ट्यात गोळा होईल आणि अहवालात लिहिता येईल, 'ताण मध्यम आहे.' संचालकांना 'मध्यम' हा शब्द फार आवडतो.

या मोजपट्टीवर आजार कुठून सुरू होतो अशी रेष तिच्या कर्त्यांनी आखलेली नाही, कारण ती निदानासाठी नाहीच. ती रेष तुम्ही आखा आणि हिरवा, पिवळा, लाल असे रंग भरा. रंग भरल्यावर आकडा कुठून आला हे कुणी विचारत नाही.

एक पथ्य मात्र कडक पाळा. कामाबद्दल काहीही विचारू नका. कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्येच मांडून ठेवलंय की कामाचा रेटा जास्त आणि ते कसं करायचं हे ठरवण्याची मुभा कमी, अशी जोडी जमली की ताण वाढतो. पुढे १९९६ मध्ये योहानेस सीग्रिस्ट यांनी कष्ट आणि मोबदला यांतल्या तफावतीचा हिशेब मांडला. दोघांच्याही प्रश्नावल्या उपलब्ध आहेत, म्हणूनच त्यांच्यापासून दूर राहा. त्यांची उत्तरं आली तर उपाय वेळापत्रकात, माणसांच्या संख्येत आणि पगारात शोधावा लागेल. त्याऐवजी पाणी किती पिता, झोपता कधी, जिना चढता का, असं विचारा. रोग रेड्याला आणि औषध पखालीला ही आपली जुनी, कमी खर्चाची पद्धत आहे.

आता गोपनीयता. फॉर्मवर ठळक अक्षरांत 'नाव लिहू नये' असं छापा. त्याखाली विभाग, वयोगट, लिंग, हुद्दा आणि नोकरीची वर्षं विचारा. चार जणांच्या विभागात पन्नाशीपुढची, बारा वर्षं नोकरी झालेली बाई एकच असते. तिचं नाव छापायची गरजच काय? ज्यांना हे काम खरंच करायचं असतं, ते पाच किंवा दहापेक्षा लहान गटाचे आकडे दाखवतच नाहीत, आणि कच्चा डेटा वरिष्ठांच्या हाती पडू देत नाहीत. तुम्ही विभागवार तक्ता थेट विभागप्रमुखांना पाठवा. पुढच्या वर्षी सगळेच आनंदी निघतील, कारण हात दाखवून अवलक्षण कोण करून घेईल? दारू-सिगारेटचा प्रश्न असेल तर त्यानंतर लगेच 'वार्षिक मूल्यमापन लवकरच' अशी सूचना लावा, म्हणजे निर्व्यसनीपणाचं प्रमाण एकदम सुधारेल.

बदलाची तयारी मोजायला प्रोचास्का आणि डिक्लेमेंटे या मानसशास्त्रज्ञांनी सांगितलेल्या, सवय बदलण्याच्या अवस्था आहेत. पुढच्या सहा महिन्यांत बदलायचा विचारच नाही, ही पहिली. सहा महिन्यांत बदलायचा विचार आहे, ही दुसरी. महिनाभरात सुरुवात करणार, ही तिसरी. सुरू केलंय पण सहा महिने झालेले नाहीत, ही चौथी. सहा महिन्यांहून जास्त टिकवलंय, ही पाचवी. मूळ पद्धतीत प्रत्येक सवय वेगळी विचारतात आणि तिचा नेमका निकषही आधी सांगतात, कारण एकच माणूस सिगारेटच्या बाबतीत पाचव्या अवस्थेत आणि व्यायामाच्या बाबतीत पहिल्या अवस्थेत असू शकतो. तुम्ही एवढ्या खोलात जाऊ नका. एकच प्रश्न ठेवा: 'तुम्ही बदलाला तयार आहात का?' यात व्यायामही आला, नवं सॉफ्टवेअरही आलं आणि रात्रपाळीही आली. नवीन पाळी झेपत नाही म्हणणाऱ्याला मग 'पहिल्या अवस्थेत अडकलेला' ठरवून समुपदेशनाला पाठवता येतं.

रक्तदाब मोजण्याचं शिबिर वर्षातून दोनदा घ्या. पहिलं जिन्याच्या तोंडाशी. लोक धापा टाकत येऊ द्या, रांगेत गप्पा मारू द्या, चहा हातात असू द्या, खुर्चीला पाठ नको, हात लोंबता राहू द्या आणि सगळ्यांना एकच पट्टा लावा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की आकडा वर जातो. दुसरं शिबिर मात्र नियमाने: आधी अर्धा तास चहा-सिगारेट नाही, लघवीला जाऊन यायचं, पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला, आणि मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजणी. एकही गोळी न देता साऱ्या कचेरीचा रक्तदाब उतरतो.

पावलांची स्पर्धा हवीच असेल तर रोज दहा हजार पावलांची ठेवा. हा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून रुळला, म्हणून शास्त्रीय वाटतो.

शेवटी परिणाम दाखवायचा. पहिली मोजणी वर्षअखेरच्या हिशेबात, दुसरी सुट्ट्यांनंतर. ताणाचे प्रश्न 'गेल्या महिन्यात'बद्दल असल्याने एवढं अंतर पुरतं. सर्वांत जास्त ताण आलेले वीस जण निवडा, त्यांना एक तास श्वास घ्यायला शिकवा आणि तीन महिन्यांनी फक्त त्यांनाच पुन्हा मोजा. टोकाचे आकडे दुसऱ्या मोजणीत आपोआप सरासरीकडे सरकतात, श्रेय तुमचं. मधल्या काळात राजीनामा दिलेले आणि रजेवर गेलेले मोजणीतून आपोआप गळतात, तोही फायदाच.

तुलनेसाठी दुसरा गट ठेवायचा मोह आवरा. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाला २०१६ मध्ये तो आवरला नाही. सुमारे पाच हजार कर्मचाऱ्यांतून सोडत काढून काहींनाच आरोग्य कार्यक्रम दिला. वर्षभरानंतर दोन्ही गटांच्या वैद्यकीय खर्चात लक्षणीय फरक दिसला नाही. शिवाय स्वतःहून कार्यक्रमात आलेल्यांचा खर्च आधीपासूनच कमी होता, हेही उघडं पडलं. सोडत नसती तर हाच फरक कार्यक्रमाचं यश म्हणून झकास खपला असता.

फॉर्मच्या तळाशी 'काही सुचवायचे असल्यास' असा रकाना ठेवा आणि मर्यादा पन्नास अक्षरांची घाला. बहुतेक जण तो रिकामा सोडतात. कुणी 'माणसं वाढवा' असं लिहिलं, तर त्याची नोंद 'इतर' मध्ये करा.