हीमॅन, अण्णा आणि माझी डावी मिशी

गेल्या रविवारी माझ्या मिशीचा डावा कोपरा गेला. मग "मापात आणतो" म्हणत कारागिरानं उजवाही नेला. आता आरशात जो इसम दिसतो तो पतसंस्थेच्या वसुलीला निघाल्यासारखा दिसतो. हे सगळं हीमॅनमुळे झालं. म्हणजे हीमॅन ह्या माझ्या लहानपणीच्या कार्टूनमधल्या पैलवानाच्या नव्या सिनेमाच्या ट्रेलरमुळे, आणि तो ट्रेलर मोबाइल आरशाला टेकवून दाढी करता करता बघणाऱ्या कारागिरामुळे.

सलून सोलापूरच्या पूर्व भागातलं. तिथं बाकड्यावर कायम एक अण्णा बसलेले असतात. डोक्यावर केस नाहीत, दाढी घरी करतात. सलूनमध्ये येतात ते फुकटचा पेपर वाचायला आणि गिऱ्हाइकाला सल्ला द्यायला. उभी हयात चादरीच्या कारखान्यात गेलेली, त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट ते आधी सूत, मग रंग आणि मग वीण अशा क्रमानं तपासतात.

सुरुवात कारागिरानं केली. "सर, ह्याचा कट कुणी मारला असंल ओ? कपाळावर वाटी ठेवून मारल्यासारखं दिसायलंय."

माझ्या ओठांपर्यंत फेस होता. तरी मी म्हणालो, "तो तसाच पाहिजे. कार्टूनमध्ये तसाच होता."

"गिऱ्हाइकानं तसंच मागितलं असंल तर मग काय," कारागीर म्हणाला आणि धंद्याच्या दृष्टीनं विषय मिटला. पण अण्णा उठून मोबाइलपाशी आले. चष्मा वर केला, खाली केला.

"हे उघडं का हाय?"

"कोण?"

"हेच की. पैलवान. राजाचं पोरगं म्हणायलाव, अन् अंगात साधं बनियन नाही?"

"अण्णा, राजपुत्र असताना तो कपडे घालतो. तलवार वर केली की हीमॅन होतो, मग कपडे जातात."

"कुठं जातात?"

एवढी वर्षं मी हीमॅनचा भक्त, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मी म्हणालो, "जातात म्हणजे... अंगात शक्ती येते ना."

"शक्ती आली म्हणून शर्ट जातंय व्हय? आमच्या कारखान्यात उन्हाळ्यात पत्र्याखाली समदे उघडेच असायचे. त्यांच्यात कुठं शक्ती आली? खोकला आला."

कारागीर हसला. ब्लेड माझ्या गळ्यावर असताना हसला, म्हणून मी हसलो नाही.

"अन् राजवाडा दगडाचा दिसायलाय," अण्णा थांबायला तयार नव्हते. "रात्री गारठा पडत असंल. एक चादर घ्यायला काय हुतंय त्याला? आपल्या सोलापुरी चादरीला जीआय मिळालंय, गावाच्या नावाचा सरकारी शिक्का, म्हणावं."

एवढ्यात पडद्यावर कवटीच्या तोंडाचा खलनायक स्केलेटर आला. अण्णांनी त्यालाही सोडलं नाही. "तोंडाची कवटी झाली, मग दंडावर मांस कसं काय राहिलं? जळायचं असंल तर समदं जळतंय. निम्माच माल खराब कसा हुईल?"

मला खरं तर ह्यातल्या कशाचीच काळजी नव्हती. मला एकच गोष्ट बघायची होती, आणि नेमका तेव्हाच कारागिराचा कोपर मोबाइलच्या आड आला. मी विचारलं, "वाघ दिसला का?"

"कसला वाघ?" अण्णांनी पेपरची घडी केली.

"हिरवा. पिवळ्या पट्ट्यांचा."

"हिरवा?" ते बराच वेळ गप्प राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "रंगणीत घोटाळा झालाय. कच्चा रंग असला की पहिल्या धुण्याला असंच हुतंय."

"नाही अण्णा, तो मुळातच हिरवा आहे. आणि घाबरट आहे. हीमॅननं तलवार रोखली की मग शूर होतो आणि अंगावर चिलखत येतं."

"म्हणजे मालकाचे कपडे जातात अन् वाघाला येतात?"

"...हो."

"अन् तलवार रोखायच्या आधी काय म्हणतंय वाघ?"

"मला नको नेऊस म्हणतो."

"मग शाणं हाय की वाघ! त्येला का न्यायलेत जबरदस्तीनं?" अण्णा तडकले. कारागिरालाही वाघाची बाजू पटली. ती पटल्याचं सांगायला तो अण्णांकडे वळला. हातातलं ब्लेड मात्र वळलं नाही. मिशी तिथं गेली.

वर मला काय ऐकायला मिळालं? "सर, तुमी कार्टूनपायी एवढं हाललाव." मी हललो नव्हतो. खुर्चीत बसलेला माणूस हलतो कुठं? आणि "कार्टूनपायी" हा शब्द तर मला मिशीपेक्षा जास्त लागला. क्रिकेटची टीम हरली म्हणून चार दिवस न जेवणारी माणसं ह्याच बाकड्यावर बसतात. त्यांना कुणी वय विचारत नाही.

माझी धास्ती उगाच नाही. १९८७ साली हीमॅनचा एक सिनेमा येऊन गेला. डॉल्फ लुंडग्रेन हीमॅन होता, अंगानं शोभत होता, तक्रार नाही. आम्ही गल्लीतल्या पोरांनी वर्गणी काढून व्हीसीआर भाड्यानं आणला आणि माग बंद झाल्यावर, रात्री, वीसेक जणांनी मिळून तो बघितला. इटर्निया नावाचं आख्खं जग उभं करायला पैसे पुरत नाहीत म्हणून त्यांनी हीमॅनला अमेरिकेतल्या एका गावात आणून सोडला होता. कार्टूनमधला हवेत तरंगणारा जादूगार ऑर्को नाही. त्याच्या जागी ग्विल्डोर नावाचा कुणीतरी बुटका, ज्याला आम्ही ओळखतही नव्हतो. आणि वाघ नाही! वाघ येईल, वाघ येईल म्हणत आम्ही शेवटच्या पाटीपर्यंत जागलो. मग कॅसेट मध्येच कापली असेल अशी शंका येऊन रिवाइंड करून पुन्हा बघितली. सकाळी कॅसेटवाल्याशी भांडलो. तो म्हणाला, वाघ पाहिजे तर सर्कशीला जावा.

आता नव्या सिनेमातही राजपुत्र अ‍ॅडम, म्हणजे हीमॅनच, पृथ्वीवरच येऊन पडलेला आहे म्हणतात. पृथ्वीवर! चाळीस वर्षांनी, एवढा पैसा हाताशी असताना, पुन्हा पृथ्वीवरच! पृथ्वी आम्ही रोज बघतो हो. विजापूर रोडला संध्याकाळी गाडी घातली की पृथ्वी पुरेशी दिसते.

मूळ कार्टून काय मोठं खर्चिक होतं? १९८३ ते ८५ मध्ये त्याचे १३० भाग निघाले, आणि त्यांत हीमॅन तोच पळायचा, तसाच वळायचा, आपल्याकडे तोंड करून तोच ठोसा मारायचा. ते कार्टून काढणारे फिल्मेशन कंपनीवाले एकदा काढलेली चित्रं फिरवून फिरवून वापरत. आम्हाला कधी खटकलं नाही. उलट तो ठोसा आता येणार हे आधी कळायचं, म्हणून आम्हीही हात उगारून तयार असायचो. ते कुणाला खरं वाटायला नको होतं, म्हणून तर चाललं. आजच्या लोकांना मात्र सगळं खरं करायची हौस. २०१९ चा 'लायन किंग' बघा. आयाळीचा केस न् केस मोजून घ्यावा असा, आणि बाप मेल्यावर छाव्याच्या तोंडावरची सुरकुती हलत नाही. खरा सिंह रडत नाही, कबूल. पण खरा सिंह गाणंही म्हणत नाही.

त्याच वर्षी सॉनिक ह्या व्हिडिओ गेमवरच्या सिनेमाच्या ट्रेलरमध्ये त्या निळ्या प्राण्याला माणसाचे दात बसवले होते. लोकांनी एवढी बोंब ठोकली की नोव्हेंबरचा सिनेमा पुढच्या फेब्रुवारीवर गेला आणि प्राणी नव्यानं काढावा लागला. म्हणजे ओरडलं की दात बदलतात. पण ते ओरडणारे इंग्रजीतून ओरडतात. मी ओरडलो तर फार फार तर कन्ना चौकापर्यंत ऐकू जाईल.

सगळेच वाटोळं करतात असं नाही. २०१६ च्या 'जंगल बुक'ला मी तोंड वाकडं करूनच गेलो होतो. आमचा मोगली १९९३ चा, रविवार सकाळचा, गुलजारांच्या चड्डी पहन के फूल खिला है वाला. पण हिंदीत शेरखानला पुन्हा नाना पाटेकरांचाच आवाज दिला होता. त्यांनी पहिलं वाक्य टाकलं आणि वाघ कॉम्प्युटरचा आहे हे मी विसरून गेलो. म्हणजे जमतं. कुणीतरी एकानं आठवण ठेवायची असते, तेवढंच.

एक गोष्ट मात्र मला मोठेपणी कळली आणि अजून पचलेली नाही. हीमॅन आधी खेळणं होता. मॅटेल ह्या खेळण्यांच्या कंपनीनं १९८२ मध्ये बाहुले काढले आणि ते खपावेत म्हणून पुढच्या वर्षी कार्टून आलं. म्हणजे मी ज्याला माझं बालपण समजतो ती दुसऱ्याच्या मालाची जाहिरात होती. आणि तो माल मला कुणी घेऊनही दिला नाही. वडिलांनी नवी पेठेत किंमत विचारली, दुकानदाराकडे बघितलं, आणि मला पाटी-पेन्सिल घेऊन दिली. आता त्याच बाहुल्याचं तिकीट मी स्वतःच्या पैशानं काढणार, वर थ्रीडी चष्म्याचे वेगळे देणार.

तेही काढता आलं तर. असले सिनेमे आमच्याकडे येतात तेव्हा त्यांना एक तर सकाळचा पहिला खेळ मिळतो नाहीतर रात्रीचा शेवटचा. रात्री उशिरा एकट्यानं कार्टूनच्या सिनेमाला जायला घरून परवानगी नाही. सकाळी जावं तर पाणी. पाणी आमच्याकडे चार-पाच दिवसांआड येतं, आणि ते पहाटे येणार की अकराला हे कुणीच सांगत नाही. बायकोनं स्पष्ट सांगितलंय, "पाण्याच्या पाळीला तुमचा उघडा पैलवान नको." मी कॅलेंडरवर पाळ्या मोजून बघितल्या. सगळं सुरळीत चाललं तर पहिला शुक्रवार मोकळा मिळतो. पण मध्ये एखादी पाइपलाइन फुटली की पाळी एक दिवस पुढं सरकते आणि नेमकी शुक्रवारवर येऊन बसते. मग शनिवारी जाईन म्हणावं, तर शनिवारपर्यंत तो सिनेमा थिएटरात टिकेल ह्याची खात्री कोण देणार?