‘पूर्णवेळ आजी’ हे काही पटलं नाही

लालबागच्या पालिका शाळेतल्या एका शिक्षिकेवरचा लेख वाचला. त्यातलं ‘निवृत्तीनंतर बाई पूर्णवेळ आजी झाल्या’ हे वाक्य खटकलं. माझी आजीही लालबागला पालिकेच्या शाळेत शिकवायची आणि आम्हा नातवंडांच्या वाट्याला ती शेवटपर्यंत बाई म्हणूनच आली. मे महिन्यात गावाहून पाठवलेल्या पोस्टकार्डातले ऱ्हस्व-दीर्घ ती लाल शाईने सुधारून ठेवायची. परतलो की आधी ते कार्ड समोर, आंबे-फणसाची चौकशी नंतर!

आणि मुंबईतल्या १९८२च्या गिरणी संपाला लेखात फक्त एक ओळ? जानेवारीत संप सुरू झाला आणि पुढे आजीच्या वर्गातली कितीतरी मुलं घरच्यांसोबत कोकणात, घाटावर निघून गेली, बरीचशी शाळेचा दाखला न घेताच. त्यांची नावं पटावरून कमी करायला ती तयार नव्हती. यावरून मुख्याध्यापकांशी तिचं चांगलंच वाजलं. चाळीतल्या शेजाऱ्यांकडून गावचे पत्ते मिळवून तिने घरोघरी पत्रं धाडली: दाखला पाठवते, पोराला तिथल्या शाळेत घाला. ८५व्या वर्षानंतर तिला माझं नावही आठवेना, पण त्या वर्गाची हजेरी मात्र ती पहिल्या नंबरापासून घडाघडा म्हणायची.