नाडी उघडतेय म्हणे! अहो, गुडघा चाललाय

"हळूवार योग म्हणजे स्वतःची फसवणूक" असा एक मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरतोय. घाम आलाच पाहिजे, दुखलं तरी थांबायचं नाही, रोज शीर्षासन, २१ दिवसांत बीपीची गोळी बंद, आणि खुर्चीत बसून करणाऱ्यांना आध्यात्मिक लाभ शून्य. मी सोडूनच देणार होते, पण माझ्या मावशीने, वय ६३, तो मनावर घेतला आणि आता ती कठडा धरून एकेक पायरी आडवी होत उतरतेय. त्यामुळे बोलतेच.

घामाचं आधी उरकते. घाम अंग थंड ठेवायला येतो. पंखा लावला की कमी होतो, मग पंख्याखाली आसन लागत नाही का?

आता ते दुखणं. "वेदना म्हणजे बंद नाडी उघडतेय, थांबलात तर शुद्धी अर्धवट राहील." (नाडी म्हणजे योगात सांगितलेली प्राणाची वाट.) हे ज्याने लिहिलं त्याने मावशीचं पद्मासन बघायला हवं होतं. उजवं पाऊल कसंबसं डाव्या मांडीवर चढवलेलं, गुडघा जमिनीपासून वीतभर वर, आणि ही बाई तळहाताने तो खाली दाबतेय, डोळ्यात पाणी आणि तोंडाने "उघडतेय, उघडतेय". अगं मावशी, गुडघा पिळवटतोय तो! गुडघा मुळात बिजागरीसारखा, मिटायचा-उघडायचा, गोल फिरायचं काम खुब्याचं. खुबा आखडलेला असला की ती पीळ गुडघ्यावर येते आणि आतली कुर्चेची गादी चिमटते. स्नायू ताणला जातो ते वेगळं, ते सोसवतं आणि सोडलं की जातं. सांध्यात आत टोचलं की सोडायचं, त्यात कसली शुद्धी?

वर परंपरेचा दाखला! पतंजलींनी आसनावर मोजून तीन सूत्रं लिहिलीत. पहिलं 'स्थिरसुखमासनम्', म्हणजे स्थिर आणि सुखाचं ते आसन, आणि लगेच पुढच्यात प्रयत्न सैल सोडायला सांगितलंय, 'प्रयत्नशैथिल्य' हाच शब्द आहे. हठयोगप्रदीपिकेच्या, म्हणजे हठयोगाच्या जुन्या ग्रंथाच्या, तर नावातच हठ, पण तीसुद्धा योग बुडवणाऱ्या सहा गोष्टींत 'प्रयास' धरते, आणि प्राणाबद्दल म्हणते की सिंह, हत्ती, वाघ जसे शनैः शनैः वश होतात तसाच तो करावा, नाहीतर साधकालाच मारतो.

शीर्षासनात डोळ्यांतला दाब वाढतो. काचबिंदूवाल्यांनी आणि बीपी ताब्यात नसलेल्यांनी वाटेला जाऊ नये, एवढं पुरे.

बीपीचं अर्धं खरं आहे, नाईलाजाने मान्य करते. संथ श्वास आणि नेमाने सराव केला की थोडं उतरतं. थोडं! गोळी कमी करायची का ते मोजमाप बघून डॉक्टर ठरवतात, आणि काही गोळ्या एकदम सोडल्या तर बीपी उसळतं.

राहिली खुर्ची. 'स्थिरसुखमासनम्' परत वाचा, त्यात जमीन कुठे आहे? मावशी सध्या खुर्चीतच बसते, पावलं टेकवून, डोळे मिटून, श्वास मोजत. काल वीस मिनिटं हललीच नाही. मला वाटलं झोपली, हाक मारली तर हाताने गप्प बस म्हणाली.