टाइप-सी आणि चिपची टंचाई: त्या मेसेजमध्ये काय खोटं आहे

‘चिप मिळेनात म्हणून कंपन्यांनी जुनी चार्जिंग पिन बंद करून घाईघाईत टाइप-सी आणलं. त्यातली सेफ्टी चिप टंचाईमुळे गाळलेली असते. दुसऱ्या कंपनीची केबल लावली तर बॅटरीचा स्फोट होतो. डब्यातून चार्जर गेला तोही याच कारणाने.’ हा मेसेज फिरत फिरत माझ्या मावशीकडे पोहोचला. परवा तिचा फोन बंद पडला, सुनेची टाइप-सी केबल समोर होती, तरी तिने लावली नाही. शेजारणीच्या फोनवरून मला विचारलं, ‘लावू का रे?’ घाबरवून सोडलंय नुसतं माणसांना.

पहिली गोष्ट, चार्जिंग पिन म्हणजे चिप नव्हे. तो धातू-प्लॅस्टिकचा सॉकेट आहे. चार्जिंग सांभाळणारी आयसी, म्हणजे खरी चिप, आत बोर्डावर असते आणि ती जुन्या पिनच्या, म्हणजे मायक्रो-यूएसबीच्या फोनलाही लागतेच. म्हणजे पिन बदलून एकही चिप वाचत नाही. उलट टाइप-सीच्या सॉकेटमागे ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर तरी जास्त लागतात आणि सॉकेटही महाग पडतो. टंचाईत कुणी जास्त भागांकडे जाईल का?

प्रत्यक्षात काय घडलं ते आपल्याच देशात पाहा. जिओफोन नेक्स्ट १० सप्टेंबर २०२१ ला येणार होता. चिपच्या टंचाईचं कारण देऊन तो दिवाळीवर ढकलला गेला. टंचाईचा थेट फटका बसलेला फोन, आणि त्याला पिन कोणती? मायक्रो-यूएसबी. तारीख बदलली, पिन तीच राहिली. पुढच्या वर्षी आलेल्या रेडमी ए१ लाही मायक्रो-यूएसबीच होती. मग जुनी पिन बंद केली कुणी?

तारखाही जुळत नाहीत. टाइप-सीचं मानक २०१४ चं, वनप्लस २ हा टाइप-सीवाला फोन २०१५ चा. टंचाई जाणवू लागली २०२० च्या अखेरीस. आयफोन टाइप-सीवर आला तो फोनना टाइप-सी सक्तीचं करणाऱ्या युरोपच्या कायद्यामुळे. ४ ऑक्टोबर २०२२ ला युरोपीय संसदेत ६०२ विरुद्ध १३ मतांनी तो मंजूर झाला आणि फोनसाठी २८ डिसेंबर २०२४ पासून लागू झाला. त्यामागची कारणं ग्राहकांची सोय आणि ई-कचरा. न वापरलेल्या आणि टाकून दिलेल्या चार्जरचा कचरा वर्षाला ११,००० टन, असा युरोपीय आयोगाचा अंदाज होता. ॲपलच्या अधिकाऱ्याने तेव्हाच सांगितलं होतं की कायदा पाळावा लागेल. सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोन १५ टाइप-सी घेऊन आला.

चार्जरचं म्हणाल तर ॲपलने तो ऑक्टोबर २०२० मध्ये डब्यातून काढून टाकला, पर्यावरणाचं नाव घेऊन. कंपनीचा खर्च वाचला हे उघड आहे.

आता स्फोट. टाइप-सी चार्जर आधी ५ व्होल्टच देतो. फोनने मागितल्याशिवाय व्होल्टेज वाढत नाही, आणि करंट फोन त्याच्या गरजेपुरताच ओढतो. ६५ वॉटचा चार्जर साध्या फोनला लावला म्हणून ६५ वॉट आत घुसत नाहीत. ‘सेफ्टी चिप’ म्हणतात ती बहुधा केबलमधली ई-मार्कर चिप असावी, म्हणजे केबल किती करंट पेलू शकते हे सांगणारी चिप. ती ५ अँपिअरच्या केबलला लागते. नेहमीच्या ३ अँपिअरच्या केबलमध्ये ती नसणं हा दोष नाही.

एक मान्य करतो, निकृष्ट केबल घातक असू शकते. २०१६ मध्ये गूगलचे इंजिनिअर बेन्सन लियुंग ऑनलाइन मिळणाऱ्या केबल तपासत होते, तेव्हा चुकीच्या वायरिंगच्या एका केबलने त्यांचा लॅपटॉपच निकामी केला. पण तो दोष वायरिंगचा होता. केबल दुसऱ्या कंपनीची असणं आणि केबल सदोष असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मेसेजवाल्याने नेमकी इथेच सरमिसळ केली आहे.

मावशीला सांगितलं, सुनेची केबल बिनधास्त लाव. चार्जर घेताना त्यावर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघ. केबल सोललेली असेल, पिन ओली असेल तर लावू नकोस. आणि केबल सैल बसतेय म्हणून कुणी लगेच पिन बदलायला सांगितलं, तर आधी फोन बंद करून टॉर्चच्या उजेडात आत बघायला सांग. पुष्कळदा खिशातल्या कापडाचा कचरा दाबून बसलेला असतो.