‘वाटसरू’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर : न्योर्डलिंगन, विवर आणि बसची खिडकी

वाटसरू, नमस्कार.

न्योर्डलिंगन या दक्षिण जर्मनीतल्या गावावरच्या माझ्या लेखाखालची आपली प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. तेव्हाच उत्तर लिहायला बसले होते, पण रागाच्या भरात लिहिलेलं दुसऱ्या दिवशी आपल्यालाच वाचवत नाही, म्हणून दोन दिवस थांबले. राग गेलेला नाही. तरीही लिहिते आहे, कारण लेख वाचणारे इतरही आहेत आणि आपली प्रतिक्रिया त्यांच्या डोळ्यांसमोर आहे.

जे आत्ताच इथे आले त्यांच्यासाठी आपले आक्षेप थोडक्यात सांगते. एक, गाव रीस नावाच्या उल्काविवराच्या ‘मध्यभागी’ आहे असं मी लिहिलं, ते चूक. दोन, आपल्याच शब्दांत : “विवर हा निव्वळ भूगोलाचा योगायोग आहे. गावाचा इतिहास माणसांनी घडवला, दगडांनी नाही.” तीन, चेटकिणी ठरवून जाळलेल्या बायकांबद्दल लेखात अवाक्षर नाही. चार, लोणारशी केलेली तुलना ओढूनताणून आणलेली आहे. आणि या सगळ्यावर शेवटी : “लेखिकेने गाव बहुधा टूरच्या बसच्या खिडकीतून पाहिलेलं दिसतं.”

पहिला आक्षेप मान्य. रीस विवराचा व्यास साधारण २४ किलोमीटर आहे आणि न्योर्डलिंगन त्याच्या मध्यबिंदूपासून सुमारे ६ किलोमीटर नैर्ऋत्येला आहे. ‘मध्यभागी’ हा शब्द मी काढून टाकला आहे. चूक ती चूक. पण ती दाखवायला एक ओळ पुरली असती. आपण पुढे लिहिलंत की ज्याला गाव नकाशावर नेमकं कुठे आहे हे ठाऊक नाही, त्याने त्याचा इतिहास सांगायला जाऊ नये. एका शब्दावरून माणसाचा सगळा अभ्यास निकालात काढायची ही कोणती रीत? त्याच परिच्छेदात मी लिहिलं होतं की गावाची गोल तटबंदी म्हणजे विवराचा काठ नव्हे. तो तट १३२७ पासून माणसांनी बांधला आणि त्याच्या गोलाईचा उल्केशी काही संबंध नाही. इंटरनेटवर हा घोटाळा सर्रास होतो, तो मी केलेला नाही. ते वाक्य आपल्याला दिसलं नाही, ‘मध्यभागी’ तेवढा दिसला.

आता बसची खिडकी. मी अकरा वर्षं आउग्सबुर्गला राहते. तिथून न्योर्डलिंगनला टूरची बस लागत नाही. डोनाउव्योर्टला गाडी बदलायची, मग गाडी व्योर्नित्स नदीच्या अरुंद खोऱ्यातून हारबुर्गच्या किल्ल्याखालून जाते. दोन्ही बाजूंना चुनखडीचे कडे, झाडी, वळणं, आणि अचानक सगळं बाजूला होतं आणि समोर ताटासारखी सपाट, मोकळी शेतं पसरतात. लांबवर एकच मनोरा दिसतो, तो सँक्ट गेओर्ग चर्चचा ‘डानिएल’. हे मी हिवाळ्यात पाहिलंय, गव्हाच्या दिवसांत पाहिलंय, धुक्यात मनोरा न दिसतानाही पाहिलंय. डानिएलच्या साडेतीनशे पायऱ्या मी पाच वेळा चढले आहे. एकदा आईला घेऊन. ती बहात्तर वर्षांची होती, मध्ये तीनदा बसली आणि वर पोचल्यावर चारी बाजूंची डोंगरांची कडा बघून पहिलं वाक्य बोलली, “अगं, हे तर लोणार आहे.”

मी मेहकरची. वडील भूगोल शिकवायचे. दर वर्षी सहामाही परीक्षा झाली की ते सातवीच्या मुलांना एसटीने लोणारला न्यायचे आणि मी शाळेत जायच्या आधीपासून त्यांच्याबरोबर जायची. धारेच्या गोमुखाखाली हात धुवायचे, उतरून तळ्यापर्यंत जायचं, खारट पाणी जिभेला लावायचं, मग दैत्यसूदनाच्या मंदिरात लवणासुराची गोष्ट ऐकायची. वडील गोष्ट पूर्ण सांगायचे आणि मग म्हणायचे, आता या खड्ड्याची दुसरी गोष्ट ऐका. दोन्ही गोष्टी त्यांना सारख्याच महत्त्वाच्या होत्या. तेव्हा ‘ओढूनताणून’ हा शब्द वापरण्याआधी समोरच्याचं आयुष्य कुठे ओढलेलं आहे याचा थोडा अंदाज घ्यायला हवा होता.

आणि तुलना कोरड्या तपशिलातही टिकते. रीसच्या विवरात धडकेनंतर तळं साचलं. बाहेर वाट नसलेलं, खारं, अल्कधर्मी पाण्याचं. लोणारचं तळं आज जसं आहे, तसंच. ते लाखो वर्षं टिकलं, मग गाळाने भरून आलं. दोन्ही विवरं ज्वालामुखीची आहेत असं भूशास्त्रज्ञ बराच काळ मानत होते. लोणार उल्काविवर आहे हे भारतीय आणि अमेरिकी संशोधकांनी १९७३ मध्ये पुराव्यानिशी मांडलं. त्याच वर्षी न्योर्डलिंगनजवळ १२०६ मीटर खोल छिद्र पाडून रीसचं पोट तपासलं गेलं. एक १.८ किलोमीटरचं आणि दुसरं २४, एक बेसाल्टमधलं आणि दुसरं चुनखडी व त्याखालच्या स्फटिकी खडकातलं, हे फरक मी लेखात दिले होते. चौथा आक्षेप इथे संपला.

आता ते वाक्य. “गावाचा इतिहास माणसांनी घडवला, दगडांनी नाही.” ऐकायला छान आहे, टाळी घेणारं आहे. पण न्योर्डलिंगनपुरतं ते चूक आहे, आणि का चूक आहे ते मी सविस्तर सांगणार आहे. कारण ‘योगायोग’ हा एक शब्द वापरून आपण माझा सगळा लेख बाजूला सारलात.

नकाशा घ्या. दक्षिण जर्मनीत नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे चुनखडीची एक लांबलचक उंच पट्टी जाते. तिचा अलीकडचा भाग श्वाबियन आल्ब, पलीकडचा फ्रँकोनियन आल्ब. या पट्टीवर माती पातळ, पाणी चुनखडीच्या भेगांतून खाली निघून जातं. वरच्या गावांनी पिण्याच्या पाण्यासाठी पिढ्यान् पिढ्या हाल काढले. आता या दोन आल्बांच्या मधोमध बोट ठेवा. तिथे पट्टी तुटलेली आहे. तिथे रीस आहे. सुमारे १ कोटी ४८ लाख वर्षांपूर्वी किलोमीटरभर रुंदीचा खगोलीय दगड तिथे आदळला नसता, तर ती पट्टी सलग राहिली असती. ती तुटली म्हणून सपाट वाट मिळाली. न्यूर्नबर्गहून उल्मकडे जाणारा आणि फ्रांकफुर्टहून आउग्सबुर्गकडे उतरणारा, असे दोन व्यापारी रस्ते या खोलगट मैदानात एकमेकांना छेदतात. त्या छेदाशी न्योर्डलिंगन आहे. गावाच्या पेन्टेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या जत्रेचा पहिला लेखी उल्लेख १२१९ चा. ती जत्रा पुढे दक्षिण जर्मनीतल्या मोठ्या बाजारांपैकी एक झाली, लोकर आणि कापड घेऊन लांबलांबचे व्यापारी यायचे. पुढे सम्राट झालेल्या दुसऱ्या फ्रीडरिशने १२१५ मध्ये हे गाव रेगेन्सबुर्गच्या बिशपकडून घेऊन पवित्र रोमन साम्राज्याच्या थेट छत्राखाली आणलं, हे आपण मला मोठ्या आवाजात ऐकवलंत. माझ्या लेखात ते दुसऱ्याच परिच्छेदात आहे. पण सम्राटाला हे गाव हवंसं का वाटलं, याचं उत्तर आपल्याकडे आहे का? माझ्याकडे आहे, आणि ते रस्त्यांत आहे.

मग जमीन. तळ्याचा गाळ आणि त्यावर वाऱ्याने आणून टाकलेली बारीक सुपीक माती, म्हणून रीसमध्ये धान्य पिकतं आणि काठावर मात्र जंगल. डानिएलवरून हे शाळकरी मुलालाही दिसेल : आत पिवळी-हिरवी शेतं, कडेला काळपट झाडीची गोल किनार. रोमन लोकांनी इथे शेतवाडे उभारले ते याच मातीसाठी. ‘रीस’ हे नावच त्यांच्या रेशिया प्रांतावरून आलेलं आहे. त्यांच्याही कितीतरी आधी माणसं इथे होती. विवराच्या काठावरच्या ओफनेटच्या गुहांमध्ये १९०८ साली मध्याश्मयुगातल्या माणसांच्या ३३ कवट्या सापडल्या, घरट्यात अंडी ठेवावीत तशा एकत्र रचलेल्या. त्या गुहा ज्या चुनखडीत आहेत, ती धडकेने जागची हललेली आहे.

आणि खुद्द दगड. सँक्ट गेओर्ग चर्च १४२७ मध्ये बांधायला घेतलं, ते ज्या करड्या, ठिपकेदार दगडाचं आहे तो स्वेविट. धडकेत वितळलेली काच आणि फुटलेल्या खडकांचे तुकडे एकत्र गोठून झालेला हा दगड. घडवायला सोपा, जवळ मिळणारा, आणि हवेत झिजणारा, म्हणून डानिएलच्या दुरुस्तीचं काम गावाच्या मागे कायमचं लागलेलं आहे. लोकांना तो ज्वालामुखीची राख वाटायचा. १९६० मध्ये अमेरिकी भूशास्त्रज्ञ यूजीन शूमेकर इथल्या ओटिंगच्या खाणीत आले, तिथला दगड त्यांचे सहकारी एडवर्ड चाओ यांच्याकडे तपासणीला गेला आणि त्यात कोएसाइट हे खनिज सापडलं. ते इतक्या प्रचंड दाबाखालीच तयार होतं की कोणत्याही ज्वालामुखीच्या उद्रेकाने ते होणार नाही. त्या दगडात सूक्ष्म हिरेही आहेत, ग्राफाइटवर धडकेचा दाब पडून झालेले. ऑगस्ट १९७० मध्ये अपोलो १४ चे अंतराळवीर चंद्रावर कोणते खडक उचलायचे हे शिकायला इथे आले होते. आपण म्हणता, मध्ययुगातल्या माणसाला उल्का ठाऊकही नव्हती. नव्हतीच. पण त्याने त्याच उल्केने केलेला दगड कापला, त्याचा नव्वद मीटरचा मनोरा उभारला आणि त्या मनोऱ्यावर पहारेकरी बसवला. तो आजही रात्री दहा ते बारा दर अर्ध्या तासाने “सो, ग्सेल, सो” अशी हाक देतो. त्या हाकेत इतिहास कुठे संपतो आणि दगड कुठे सुरू होतो, हे मला वेगळं काढता येत नाही. तुम्हाला येत असेल तर दाखवा.

न्योर्डलिंगनची १६३४ ची लढाईसुद्धा तुम्ही माझ्याविरुद्ध उभी केलीत. “इथे तीस वर्षांच्या युद्धाचं पारडं फिरलं, आणि लेखिका खडकांत रमल्या.” पारडं फिरलं, बरोबर. स्वीडिश सेनापती गुस्ताव होर्न पकडला गेला, पुढच्या वर्षी बहुतेक जर्मन प्रोटेस्टंट राजांनी प्रागला सम्राटाशी तह केला आणि फ्रान्स उघडपणे युद्धात उतरला. पण ती लढाई ज्या टेकडीवरून ठरली, ती आल्बुख कुठे आहे? गावाच्या दक्षिणेला, विवराच्या काठालगतच्या त्या पट्ट्यात जिथे धडकेने सरकलेल्या खडकांच्या टेकड्या उभ्या आहेत. सम्राटाच्या बाजूने लढणाऱ्या स्पॅनिश तुकड्यांनी ती आधी धरली आणि होर्नच्या माणसांनी तिच्यावर पुन्हा पुन्हा चढाई केली, प्रत्येक वेळी मागे रेटले गेले. मी त्या टेकडीवर उभी राहिले आहे. खालून वर येणाऱ्याचं काय होत असेल, हे चढताना पायांना कळतं. हा योगायोग नाही हो. सेनापती जमीन बघूनच लढतात.

तिसरा आक्षेप. मारिया होल हे नाव मला तुमच्याकडून कळलेलं नाही. चेटूक केल्याच्या आरोपाखाली तिचा बासष्ट वेळा छळ झाला, तिने कबुली दिली नाही, आणि १५९४ मध्ये तिला सोडावं लागलं. त्या काही वर्षांत गावात पस्तीस जणांना मारलं गेलं, त्यात एक सोडून सगळ्या बायका. लेख विवरावर होता, म्हणून ते त्यात आलं नाही. त्यावर लिहीन तेव्हा स्वतंत्र लिहीन. एवढंच उत्तर पुरे आहे, आणि “बाईने बायकांबद्दल गप्प राहावं हे आश्चर्य” हे वाक्य तर मी उत्तरालाही घेणार नाही.

तुम्ही टोपणनावाने लिहिता, मी स्वतःच्या नावाने. न्योर्डलिंगनला तुम्ही कधी गेलात, किती राहिलात, आल्बुख चढलात का, हे तुम्ही कुठेही सांगितलेलं नाही. माझ्याबद्दल मात्र खिडकीतून बघणारी असा निवाडा देऊन मोकळे झालात. प्रश्न विचारला असतात तर मी रात्रभर बसून नकाशासकट उत्तर दिलं असतं, याआधी इथे अनेकांना दिलेलं आहे.

तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही, आहे तशी राहील. ‘मध्यभागी’ची दुरुस्ती तुमच्या टोपणनावानिशी लेखाच्या तळाशी नोंदवली आहे. आल्बुखचा परिच्छेद मूळ लेखात नव्हता, तोही आता घातला आहे, कारण तो असायलाच हवा होता. बसचं वाक्य तेवढं मागे घ्या, मग मारिया होलबद्दल बोलू.